जिन्यातली पूररेषा

वैनतीर अपार्टमेंट, भंडारा
२२ मे २०२२

चि. सेवकराम,

आशीर्वाद. वीस किलोमीटरवर राहणाऱ्या सख्ख्या भावाला पत्र लिहिणारी बाई अख्ख्या जिल्ह्यात मी एकटीच असेन. पण तू कानात मशीन घालत नाहीस, मग मला फोनवर ओरडावं लागतं, आणि मी ओरडले की माझ्या घरातलं सगळं तिसऱ्या माळ्यापर्यंत पोचतं. पत्र तरी तुझ्याशिवाय कोणी वाचत नाही.

काम असं. आमच्या बिल्डिंगचा विमा एकतीस जुलैला संपतो. गेल्या वर्षी तूच ओळखीच्या एजंटाकडून काढून दिला होतास, तेव्हा पाहायला कोणी आलं नव्हतं. यंदा कंपनी म्हणाली, नदीकाठची बिल्डिंग आहे, आधी पाहणी करू. काल मोनिका नावाची सर्वेअर मुलगी आली. पोरगी गुणी आहे, चहा नको म्हणाली आणि दोनदा घेतला. मी सोसायटीची सेक्रेटरी (दुसरं कोणी तयार नाही म्हणून), पण फिरवलं तिला मारोतरावांनी. तिसऱ्या माळ्यावरचे, उंचेपुरे, आवाज त्याहून उंच. वीस सालच्या पुराची कथा त्यांनी अशी सांगितली की ती मुलगी दोनदा मागे सरकली.

मग त्यांनी जिन्यातली पूररेषा दाखवली. पाणी कुठपर्यंत आलं होतं त्याची ही लाल रेषा माझ्या दाराशेजारीच आहे. दर तीस ऑगस्टला आम्ही बाया तिथे नारळ फोडतो, हळदकुंकू वाहतो, की बाई वैनगंगे, पुन्हा इतकी वर येऊ नकोस. मोनिकाने टेप लावली, फोटो काढला, साडेचार फूट असं लिहून घेतलं आणि गेली.

आता पुढे काय होतं ते कळव. अंकुरचं तुला माहीत आहेच. पुण्याहून रोज एकच सांगतो, आई, विमा असेल तर राहा, नाहीतर तळमजल्याचा फ्लॅट विकून माझ्याकडे ये. त्याच्या अकराव्या माळ्यावर मी तुळस कुठे लावू आणि कोणाचे ब्लाउज शिवू?

कामिनीला आशीर्वाद.

तुझी बाई

&nbsp;

मोहाडी
२८ मे २०२२

ती. विमलाबाईस सेवकरामचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र वाचून कपाळावर हात मारला. तो आवाज कामिनीला स्वयंपाकघरात ऐकू गेला, म्हणजे माझे कान सोडून घरातले सगळे कान ठीक आहेत.

बाई, मी तीस वर्षं नागपूरला विमा कंपनीत लोकांची जळालेली दुकानं आणि बुडालेली गोदामं मोजली. पाहणीला येणाऱ्या माणसाला कथा सांगायची नसते. तो विचारेल तेवढंच, आणि खरं तेवढंच. तुम्ही त्या पोरीला कुंकू लावलेली रेषा दाखवली. तिच्या दृष्टीने तो सगळ्या बिल्डिंगने सही करून दिलेला जबाब झाला.

आणि साडेचार फूट? तेवढं पाणी तुमच्या जिन्यात असतं तर समोरच्या उंच जोत्याच्या दवाखान्यातही शिरलं असतं. तो दवाखाना त्या आठवड्यात उघडा होता, मी स्वतः कामिनीचं बी.पी. तिथे दाखवलं आहे. रेषा एवढी वर कशी गेली, याचा आधी शोध लाव. भाव साडेचार फुटांचा लागला तर तुमच्याने झेपणार नाही.

अंकुरला एवढ्यात काही सांगू नकोस.

तुझा सेवक

&nbsp;

भंडारा
१९ जून २०२२

चि. सेवक,

तुझी जीभ काळी आहे. कंपनीचा कागद आला. हप्ता गेल्या वर्षीच्या तिप्पट.

रविवारी मीटिंग घेतली. मी चिवडा केला होता, कारण खाताना माणसं कमी भांडतात असा माझा समज होता. तो खोटा ठरला. मारोतराव म्हणाले, "पाणी तिसऱ्या माळ्यावर येऊन राहिलं त भंडारा कुठी राहीन? ज्याच्या घरात पाणी, त्यानं पैसे द्यावं. आमी कायले द्यायचे?" वरच्या नऊ घरांनी माना डोलावल्या. तळमजल्यावर आम्ही तीन घरं. तिघांत वाटला तर माझा हिस्सा यांच्या मागे मिळणाऱ्या पेन्शनीच्या तीन महिन्यांचा होतो. शिलाईचे सगळे पैसे घातले तरी भागत नाही. तिघांपैकी एकाने तर मीटिंगमध्येच सांगून टाकलं की मी विकतो. एक दलाल माझ्याकडेही दोनदा येऊन गेला आहे. जो भाव सांगतो त्यात पुण्याला अंकुरच्या गाडीपुरती पार्किंगही येणार नाही.

रेषेचा शोध लावला. चोर सापडला, पण त्याला काही वाटतच नाही. आपला इश्वर पेंटर दर दिवाळीला जिना रंगवतो. आधी खरवडतो, मग रंग मारतो, मग ब्रश हातात धरून समोर जो दिसेल त्याला विचारतो, "कुठवर होतं जी पाणी?" गेल्या दिवाळीला समोर मारोतराव होते. त्यांनी आपल्या छातीवर हात ठेवला. इश्वरने मारोतरावांच्या छातीएवढी रेषा मारली आणि पाचशे रुपये घेऊन गेला. पूर एकदाच आला, रेषा मात्र दरवर्षी चढते आहे.

मी मोनिकाला फोन करून सांगितलं, पोरी, ही रेषा खरी नाही. ती म्हणाली, काकू, तुम्ही पूजा करता ती रेषा खोटी असं मी वर लिहू कसं? दुसरा काही पुरावा असेल तर पुन्हा येते.

पुरावा कुठून आणू? दारं बदलली, फरश्या बदलल्या, भिंतींना गुडघ्याच्या वरपर्यंत टाइल्स लावल्या. काहीच उरलेलं नाही.

तुझी बाई

&nbsp;

मोहाडी
२४ जून २०२२

ती. बाई,

काहीच उरलं नाही असं कधी होत नाही. माणसं बाहेरून रंग मारतात, आतून कोणी मारत नाही. माझ्या सगळ्या नोकरीचं सार एवढंच आहे. एका किराणावाल्याचं पाणी मी त्याच्या गल्ल्याच्या आतल्या पत्र्यावरून मोजलं होतं. बाहेरून गल्ला नवरीसारखा सजवलेला होता.

तुझ्या घरात जी वस्तू पुरात जागची हलली नाही आणि आतून रंगवली नाही, ती शोध. गोदरेजची आलमारी आहे ना, भाऊजींच्या वेळची? ती चौघांना उचलवत नव्हती, म्हणजे पुरात तिथेच असणार. तिचा खालचा खण उघड. पत्र्यावर गंजाची रेघ असेल तर तीच तुझी खरी पूररेषा.

लवकर कळव.

तुझा सेवक

&nbsp;

मोहाडी
१२ जुलै २०२२

ती. बाई,

हे पोस्टकार्ड आहे, पोस्टमन वाचेल, वाचू दे. अठरा दिवस झाले, तुझं उत्तर नाही. तू आणि अठरा दिवस गप्प? कामिनी म्हणते, बाई आजारी असतील. मी म्हणतो, आजारी असती तर आजाराचं चार पानी पत्र आलं असतं. एकतीस तारीख जवळ आली आहे. आलमारीत काय आहे?

सेवक

&nbsp;

भंडारा
१५ जुलै २०२२

चि. सेवकराम,

आलमारीत काय आहे ते सांगते. वाचून झाल्यावर रागाव, पण आधी पूर्ण वाच.

खालच्या खणात एक गाठोडं आहे. लाल फडक्यातलं. वीस सालच्या संक्रांतीला तू स्वतः आणून दिलं होतंस. म्हणाला होतास, बाई, बाबांनी मागावर विणलेलं हे शेवटचं कोशाच्या रेशमाचं पातळ, धाग्याच्या कांड्या आईनं भरलेल्या, आई ते तुझ्या लग्नात एकदाच नेसली. हे तुझ्याकडेच शोभतं.

पूर आला तेव्हा मी तुला फोनवर रडत सांगितलं की पाणी कमरेएवढं चढलं, खालच्या खणातलं काही हाती लागलं नाही, आईचं पातळ गेलं. ते खोटं होतं. पाणी जेमतेम गुडघ्यापर्यंत आलं, आणि तेही हळूहळू चढत. मला पूर्ण एक तास मिळाला होता. त्या तासात मी टी.व्ही. वर नेला, मिक्सर नेला, लोणच्याच्या तीन बरण्या नेल्या. बाबांचं पातळ माझ्या लक्षातच आलं नाही. लोणचं आठवलं आणि आई-बाबा आठवले नाहीत, हे तुला कोणत्या तोंडाने सांगणार होते?

पाणी ओसरल्यावर गाठोडं तसंच उन्हात वाळवलं आणि परत ठेवलं. अर्धं गाळाने काळं झालं आहे. उघडायची हिंमत झाली नाही.

आणि आता सगळ्यात वाईट. दिवाळीला इश्वर रंगवायला आला तेव्हा भिंतीवर पुराचा खरा डाग होता, तिसऱ्या पायरीशी. दोन दिवसांनी तू भाऊबीजेला येणार होतास. इश्वरने विचारलं, "बाई, रेषा कुठी मारू?" मी कमरेवर हात ठेवला. म्हणजे पहिल्यांदा रेषा वर नेली ती मी. मारोतरावांनी फक्त माझ्या कमरेवरून आपल्या छातीवर नेली. मीटिंगमध्ये मी त्यांच्यावर इतकी ओरडले की बिचारे चिवडा सोडून गेले.

मोनिका मंगळवारी, एकोणीसला येते आहे. आलमारी उघडली तर सगळ्यांसमोर सगळं बाहेर येईल. नाही उघडली तर घर जाईल. तू सांगशील तसं करते.

तुझी खोटारडी बाई

&nbsp;

मोहाडी
१७ जुलै २०२२

ती. बाई,

हे पत्र पोस्टाने वेळेवर पोचणार नाही, म्हणून भंडाऱ्याला जाणाऱ्या एस.टी.च्या कंडक्टरच्या हातात देतो आहे. तो आपल्या गल्लीतला आहे, तुझं दार त्याला माहीत आहे.

मला पुरानंतरच्या पहिल्या भाऊबीजेपासून माहीत होतं. ज्या घरात कमरेएवढं पाणी येतं, त्या घरात ओट्याखालचं बटण चालत नाही. तू त्याच बटणावर मिक्सर लावून मला जवसाची चटणी वाटून दिलीस. शिवाय दाराच्या कडीजवळ वीस सालचं कॅलेंडर लटकलेलं होतं, जानेवारीपासून कोरडं ठाक. तीस वर्षं बुडालेली घरं पाहिलेल्या माणसाला तू कमरेएवढं पाणी सांगत होतीस. मी चटणी खाल्ली आणि गप्प बसलो. बहिणीचा पंचनामा करायला मी भाऊबीजेला आलो नव्हतो.

रागावलो नाही. मंगळवारी आलमारी खुशाल उघड. आधी मोनिकाला गंजाची रेघ मोजू दे, मग गाठोड्यावरची गाळाची. दोन्ही एका उंचीला निघाल्या की झालं. रेषा कशी वर गेली तेही सांगून टाक, लोक हसतील आणि विसरतील.

फक्त एक कर. गाठोडं उघडू नकोस. बाहेरूनच दाखव. जुनं कापड आहे, हवा लागली तर विरायचं. कामिनीही हेच म्हणते.

तुझा सेवक

&nbsp;

भंडारा
२४ जुलै २०२२

चि. सेवकराम,

नीट बसून वाच. जवळ पाणी ठेव.

मंगळवारी मोनिका आली. मी आलमारी उघडण्याआधी जिन्यात सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं की रेषा पहिल्यांदा मी वर नेली, भावाची भीती वाटत होती म्हणून. मारोतरावांकडे पाहून माफी मागितली. त्यांनी मिशीवर हात फिरवला आणि म्हणाले, "म्हंजे मी एकटाच लबाड नोहो." तेव्हापासून आमचं बरं आहे.

आतल्या पत्र्यावर गंजाची रेघ निघाली, एक फूट दहा इंच. मोनिकाने गाठोडं ठेवलेल्या जागीच मोजलं, गाळाची रेघ तेवढीच. मग म्हणाली, काकू, उघडा, आत किती मुरलं ते पाहू. मी तुझा निरोप सांगितला, हवा लागली तर विरेल. ती म्हणाली, रेशीम हवेने विरत नाही, काकू. मी कोष्ट्याची लेक, मला हे तिने सांगावं?

गाठ सोडायला दहा मिनिटं लागली. ती तुझीच गाठ, लहानपणी पाटीच्या दप्तराला मारायचास ती दुहेरी. तू बांधलीस तेव्हापासून ती कोणी सोडलेली नाही, हे लक्षात ठेव. पातळ उलगडलं. काठाच्या बाजूला गाळाचा डाग होता, तो धरलेलाच होता. पण दुसऱ्या टोकाला, पदरात, हाताचा पंजा जाईल एवढी तीन भोकं. मोनिकाने चष्मा पुसला आणि म्हणाली, काकू, हे पुराचं नाही, हे मी लिहू शकत नाही. वरच्या माळ्यावरचे टिकाराम वाकून पाहत होते, ते म्हणाले, "हे त उंदरायचं काम हाय, बाई. आन् जुनं हाय."

सेवक, माझ्या आलमारीला भोक नाही. माझ्या घरात उंदीर शिरला तर माझ्या मांजरीला लाज वाटेल. तुझ्या मोहाडीच्या माळ्यावर मात्र उंदरांची लग्नं लागतात. आणखी काही लिहीत नाही. तूच लिही.

आता विम्याचं. मोनिकाने तिथेच सांगितलं की कागद बदलेल. शुक्रवारी आला. गेल्या वर्षीच्या दीडपट, तिप्पट नाही. तरी तिघांत वाटला तर मला जडच होता. संध्याकाळी पुन्हा मीटिंग. पुन्हा तेच, ज्याच्या घरात पाणी त्याने द्यावं.

तेव्हा टिकाराम उठले. तिसऱ्या माळ्यावर राहतात, आसगावचे, पोरींच्या शाळेसाठी इथे फ्लॅट घेतला, धान तिकडेच लावतात. वर्षभरात मीटिंगमध्ये कधी बोलले नव्हते. म्हणाले, "आमच्या गावच्या तलावाची पाळ फुटली त खालची धानाची बांधी वाहून जाते. वरची नाही जात. पन पाळीवर माती टाकाले वरचाबी जाते, खालचाबी जाते. जो नाही आला त्याले पाणी सोडत नाहीत. काहून का, पाणी त दोघायले त्याच तलावाचं भेटते. इथं मोटर खाली हाय, मीटर खाली हाय. ते बुडले त वरच्या टाकीत पाणी काय मारोतरावच्या छातीवरून चढन?"

आधी मारोतरावच हसायला लागले आणि म्हणाले, "लिहा बाई, बारा घरं, बारा हिस्से." माझ्या हिश्शाला येतात ते चार ब्लाउजच्या शिलाईएवढे. जो विकतो म्हणाला होता त्यानेही भरले. मी रजिस्टरवर लिहिताना दोनदा खोडलं, कारण डोळे भरून आले होते. अंकुरला फोन केला. तो म्हणाला, आई, म्हणजे तू येणार नाहीस तर. मी म्हटलं, येईन रे, दिवाळीनंतर आठ दिवस, परतीचं तिकीट काढून.

उत्तराची वाट पाहते आहे. पोस्टकार्डावर लिहिलंस तरी चालेल, पोस्टमनला वाचू दे.

तुझी बाई

&nbsp;

मोहाडी
२९ जुलै २०२२

ती. बाई,

पाकिटातच लिहितो.

भोकं आमच्या माळ्यावरची आहेत. एकोणीसच्या दिवाळीला कामिनीने पातळ उन्हात घालायला काढलं तेव्हा दिसली. बाबा गेल्यावर तू म्हणाली होतीस, सेवक, हे तुझ्याकडे ठेव, तू जपशील. मी डांबरगोळ्या टाकायला विसरलो. दोन महिने झोप नीट लागली नाही. मग लाल फडक्यात बांधलं, दुहेरी गाठ मारली, आणि तुझ्याकडेच शोभतं म्हणून तिळगुळाबरोबर तुझ्या हातात दिलं. माझी कल्पना अशी की तू ते देवासारखं आलमारीत ठेवशील आणि आपण दोघं असेपर्यंत उघडणार नाहीस.

मग पूर आला आणि तू फोनवर म्हणालीस, पातळ गेलं. बाई, खरं सांगतो, मला हलकं वाटलं. तू रडत होतीस आणि मला हलकं वाटत होतं. म्हणून भाऊबीजेला ते चालू बटण पाहूनही मी तोंड उघडलं नाही. वर तुला मोठ्या मनाचं पत्र लिहिलं, पंचनामा करायला आलो नव्हतो वगैरे. पंचनामा निघाला असता तर माझाच निघाला असता.

मीटर आणि मोटर वर उचलून घ्या, पुढच्या वर्षी भाव आणखी उतरेल. एवढं विम्याचं. बाकी माफ कर.

तुझा उंदीर

&nbsp;

भंडारा
१४ ऑक्टोबर २०२२

चि. सेवकराम,

अडीच महिने तुला उत्तर दिलं नाही, ते रागाने नाही. आधी दोन दिवस हसत होते. मग पातळ घेऊन बसले. बाबांचं कापड आणि माझी शिलाई, घाई करून चालणार नव्हतं. ऑगस्टमध्ये नदी एकदा फाटकापर्यंत येऊन गेली. तेव्हा मी सगळ्यात आधी लाल गाठोडं उचलून टिकारामांकडे नेलं, लोणचं नंतर. पाणी आत आलं नाही. मोटर आता जिन्याच्या मधल्या टप्प्यावर आहे, मारोतराव रोज तिच्यावर हात ठेवून वर जातात.

गाळाचा काठ कापला, उंदरांचा पदर कापला. मधे चांगलं कापड उरलं, सोन्यासारखं. त्याचे दोन शेले झाले. एक कामिनीचा, एक माझा. उरलेल्या तुकड्याची तुझ्या मशीनसाठी लहान पिशवी शिवली आहे. बाबांच्या हातचं कापड आहे म्हणून तरी मशीन जवळ ठेवशील आणि कानात घालशील. मग पत्रांचा खर्च वाचेल, पण मी लिहायचं थांबणार नाही.

इश्वर काल रंगवून गेला. ब्रश घेऊन उभा राहिला आणि विचारलं, "कुठी मारू?" मारोतराव, टिकाराम, शेजारच्या उषाबाई, सगळे तिथे होते. कोणी अंगावर हात ठेवला नाही. मी टेप आणली आणि एक फूट दहा इंचांवर खडूने खूण केली. त्याने रेषा मारली. तिसऱ्या पायरीशी, इतकी खाली की एवढ्याशा पाण्याला आपण इतके घाबरलो होतो का असं वाटतं.

भाऊबीजेला लवकर ये. रेषा पाहायला वाकावं लागेल, पण माझ्या पाया पडायला तू वाकतोसच, तेव्हाच पाहून घे.

तुझी बाई